‘ओपन फूड फॅक्ट्स’मधलं वर्गीकरण: चार वर्षं त्यात काम केल्यानंतर

डॉक्टरांनी साखरेवर लक्ष ठेवायला सांगितलं, त्याच आठवड्यात मी फोनवर ‘ओपन फूड फॅक्ट्स’ हे ॲप घेतलं. घरात संत्र्याच्या पेयाचा एक पॅक होता. त्याचा बारकोड कॅमेऱ्यासमोर धरला आणि वस्तू लगेच सापडली. पॅकच्या दर्शनी बाजूचा फोटो होता, घटकांच्या यादीचा फोटो होता, 100 मिलिलिटरमागे साखर किती तेही कुणीतरी भरून ठेवलं होतं. फक्त जिथे न्यूट्री-स्कोअरचं, म्हणजे पोषणाच्या गुणांवरून ठरणारं, ‘ए’ (सर्वांत चांगलं) ते ‘ई’ (सर्वांत वाईट) यांपैकी एक अक्षर यायला हवं, तिथे काहीच नव्हतं. कारण शेजारीच दिलं होतं: कॅटेगरी भरलेली नाही.

मी 26 वर्षं ग्रंथालयात तालिकाकार म्हणून काम केलं. पुस्तक हातात घ्यायचं, ते कशाविषयी आहे ते ठरवायचं आणि वर्गांक द्यायचा, हे माझं रोजचं काम. वर्गाची जागा रिकामी दिसली की हात थांबत नाही. मी तिथल्या तिथे ‘संत्र्याचा रस’ असं भरलं, अक्षर उमटलं आणि मला फार बरं वाटलं. ती नोंद चुकीची होती. ती कशी चुकली ते पुढे सांगते, कारण या सेवेबद्दल मला जे म्हणायचं आहे ते त्या चुकीतूनच आलं आहे.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ‘ओपन फूड फॅक्ट्स’ म्हणजे पॅकबंद खाद्यपदार्थांचा लोकांनी मिळून भरलेला डेटाबेस. स्तेफान जिगांदे या फ्रेंच प्रोग्रॅमरने तो 2012 मध्ये सुरू केला. आज तो एक ना-नफा संस्था चालवते आणि त्यात जगभरातल्या 30 लाखांहून अधिक वस्तू आहेत. सगळी माहिती खुल्या परवान्याखाली आहे, म्हणजे कुणीही ती उतरवून घ्यावी, वापरावी, फक्त स्रोत सांगावा आणि आपण केलेली सुधारित माहितीही तशीच खुली ठेवावी. फोटो काढणं, घटक टिपणं, पोषणमूल्यं भरणं या गोष्टींबद्दल बरंच लिहिलं गेलं आहे. मी फक्त एका रकान्याबद्दल लिहिणार आहे, तो म्हणजे कॅटेगरी. बाकीचे रकाने पॅकवर छापलेलं वाचून भरता येतात. हा एकच रकाना विचार करून भरावा लागतो.

आणि बाकीचं बरंचसं याच रकान्यावर उभं आहे. आकड्यांनिशी सांगते. साखर घातलेलं एक साधं पेय घ्या. 100 मिलिलिटरमध्ये 10 ग्रॅम साखर, फळ नाही, मीठ नाही, चरबी नाही, प्रथिनं नाहीत. ऊर्जा झाली साधारण 170 किलोज्यूल. न्यूट्री-स्कोअरच्या 2017 च्या मूळ पद्धतीत जास्त गुण म्हणजे वाईट. घन पदार्थांच्या तक्त्यात साखरेची पायरी 4.5 ग्रॅमची आणि ऊर्जेची 335 किलोज्यूलची. त्या तक्त्याने या पेयाला साखरेचे 2 आणि ऊर्जेचा शून्य, एकूण 2 गुण मिळतात. अक्षर येतं ‘बी’. पेयांच्या तक्त्यात मात्र साखरेची पायरी 1.5 ग्रॅमची आणि ऊर्जेची 30 किलोज्यूलची. तिथे साखरेचे 7 आणि ऊर्जेचे 6, एकूण 13. पेयांना 10 गुणांपासून ‘ई’ लागतो. म्हणजे तीच बाटली, तेच छापील आकडे, आणि ती ‘पेय’ या वर्गात बसवली की नाही एवढ्यावर ‘बी’चा ‘ई’ होतो. यात कुणीही खोटं लिहिलेलं नसतं. माझ्यासारखी साखर मोजणारी बाई त्या ‘बी’वर विश्वास ठेवून ती बाटली रोज घेईल.

म्हणून कॅटेगरी नसेल तर अक्षर न दाखवण्याचा या सेवेचा निर्णय मला अगदी योग्य वाटतो. सुरुवातीला ती रिकामी जागा पाहून मी चिडले होते. आता तीच मला सगळ्यात प्रामाणिक वाटते.

आता वर्गांची रचना. वेबसाइटवर एखाद्या वस्तूच्या पानावर कॅटेगरीच्या रांगेत पाच-सात नावं दिसतात. संत्र्याच्या रसाचंच घ्या. वनस्पतीजन्य खाद्यं आणि पेयं, पेयं, वनस्पतीजन्य पेयं, फळांची पेयं, रस आणि नेक्टर, फळांचे रस, संत्र्याचे रस. यातलं शेवटचं एकच नाव आपण लिहायचं, वरची सगळी आपोआप लागतात. यामागे वर्गांचं झाड मांडणारी एक साधी टेक्स्ट फाइल आहे आणि ती गिटहबवर, म्हणजे प्रोग्रॅमर आपलं काम जिथे ठेवतात त्या वेबसाइटवर, कुणालाही वाचता येते. मी ती पहिल्यांदा उघडली तेव्हा दोन तास वाचत बसले होते. प्रत्येक नोंदीत आधी वरच्या वर्गाचं नाव, मग ओळीओळीने वेगवेगळ्या भाषांतली नावं. एका भाषेच्या ओळीत स्वल्पविराम देऊन कितीही पर्यायी शब्द लिहिता येतात. पहिला शब्द वाचकाला दिसतो, पुढचे फक्त ओळखण्यासाठी. खाली विकिडेटा या खुल्या माहितीकोशातला क्रमांक आणि जिथे जुळत असेल तिथे फ्रान्सच्या अन्नघटक तक्त्यातला संकेतांक. आमच्या कार्डांवर ‘पाहा’ आणि ‘हेही पाहा’ असे निर्देश असत. इथे पर्यायी शब्दांची ओळ म्हणजे आमचं ‘पाहा’. कुणी ‘ऑरेंज ज्यूस’ लिहो की ‘संत्रा रस’, दोघंही एकाच वर्गात पोचतात. नाहीतर एकाच गोष्टीचे वीस तुकडे झाले असते आणि कुठल्याच तुकड्याची सरासरी काढता आली नसती.

सरासरी हा शब्द सहज आला, पण ती या रचनेची खरी कमाई आहे. चांगला भरलेला वर्ग असेल तर वस्तूच्या पानावर तुलना दिसते. या वर्गातल्या इतर वस्तूंच्या सरासरीपेक्षा इथे साखर किती टक्के जास्त, मीठ किती कमी. मला अक्षरापेक्षा हा तक्ता जास्त उपयोगी पडतो. मध गोडच असणार, त्याच्यापुढे वाईट अक्षर पाहून मला काय कळणार? पण नाश्त्याच्या दोन तृणधान्यांपैकी एकात वर्गाच्या सरासरीपेक्षा साखर बरीच जास्त आहे, हे कळलं तर मी दुसरं उचलते.

एका गोष्टीने मला व्यावसायिक आनंद दिला. एका वर्गाला एकाहून जास्त पालक, म्हणजे वरचे वर्ग, असू शकतात. ग्रंथालयात पुस्तक शेवटी एकाच फळीवर उभं राहतं. वनस्पतिशास्त्र आणि औषधनिर्मिती या दोन्ही विषयांचं पुस्तक आलं की एक निर्णय घ्यावा लागे, आणि दुसऱ्या फळीवर ते शोधणारा वाचक हात हलवत परत जाई. इथे पीनट बटर शेंगवर्गीय धान्यांच्या फांदीवरूनही सापडतं आणि पावाला लावायच्या पदार्थांच्या फांदीवरूनही. भुईमूग वनस्पतिशास्त्राने शेंगवर्गातला, वापराने सुक्या मेव्याच्या शेजारचा. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही नोंदवता येतं.

पण इथेच माझी एक हरकतही आहे. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी 1933 साली द्विबिंदू वर्गीकरण ही पुस्तकांचे वर्ग लावायची पद्धत मांडली, तेव्हा त्यांचा मुख्य आग्रह होता की विषयाचे पैलू वेगळे करा. द्रव्य वेगळं, क्रिया वेगळी, स्थळ वेगळं, काळ वेगळा. ‘ओपन फूड फॅक्ट्स’ने हे काही बाबतींत फार छान पाळलं आहे. ब्रँडला वेगळा रकाना, पॅकिंगला वेगळा, सेंद्रिय किंवा ग्लुटेनमुक्त यांसारख्या लेबलांना वेगळा, विक्रीच्या देशाला वेगळा. मात्र खुद्द कॅटेगरीच्या झाडात पैलू एकत्र आले आहेत. ‘वनस्पतीजन्य’ म्हणजे उगम. ‘गोठवलेले पदार्थ’ म्हणजे साठवण. ‘नाश्ता’ म्हणजे खायची वेळ. ‘स्प्रेड’ (पावाला लावायचा पदार्थ) म्हणजे खायची पद्धत. हे सगळे एकाच झाडाच्या फांद्या आहेत. गोठवलेल्या भाज्यांचं पाकीट दोन फांद्यांवर लटकतं ते ठीक, पण नाश्त्याच्या वेळेबद्दल सगळ्या जगाचं एकमत कसं व्हावं? एका घरात जे सकाळी खातात ते दुसऱ्या घरात रात्री खातात. माझ्या हातात असतं तर वेळ हा पैलू मी झाडाबाहेर काढला असता. असं का झालं तेही समजतं. हे झाड कुणी एका बैठकीत आखलेलं नाही. माणसं जे शब्द लिहीत गेली त्यांतून ते वाढलं, आणि माणसं ‘नाश्ता’ असंच लिहितात.

भाषेचा मामला याहून नाजूक आहे. ब्रिटिश इंग्रजीत ‘चिप्स’ म्हणजे तळलेले गरम बटाट्याचे तुकडे. अमेरिकन इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये ‘चिप्स’ म्हणजे पाकिटातल्या कुरकुरीत चकत्या. ‘जेली’ एका ठिकाणी पावाला लावायची, दुसऱ्या ठिकाणी जिलेटिनचं थरथरणारं गोड. ‘बिस्किट’ अमेरिकेत मऊ आणि गरम, इतरत्र कडक आणि पुड्यातलं. शब्द एक आणि वस्तू दोन असतील तर पर्यायी शब्दांची ती सुंदर ओळच सापळा होते. म्हणून फाइलमध्ये भाषा वेगळ्या ठेवल्या आहेत आणि वर्गाची ओळख शब्दापेक्षा त्याच्या झाडातल्या जागेवरून पटते. नवीन माणसाने एवढं जरूर करावं. सुचवलेलं नाव निवडण्याआधी त्या नावाचं पान उघडून आत कोणत्या वस्तू आहेत ते पाहावं. फोटो पाहिले की अर्ध्या मिनिटात कळतं की ही ‘जेली’ कोणती.

मराठी ओळी भरायला मी दुसऱ्या वर्षी सुरुवात केली. तिथे मी सर्वांत जास्त वेळ घालवला आणि सर्वांत जास्त शिकले. ‘सोया मिल्क’चं घ्या. बोलताना आपण सोया मिल्क म्हणतो, कुणी सोया दूध म्हणतं. पण युरोपीय संघाच्या न्यायालयाने 2017 मध्ये निर्णय दिला की निव्वळ वनस्पतीजन्य पदार्थ ‘दूध’ या नावाने विकता येणार नाही, आणि झाडातही हा वर्ग दुधाखाली नसून दुधाला पर्याय असलेल्या पेयांत आहे. दुधाची ॲलर्जी असलेल्या मुलाच्या आईच्या दृष्टीने ही फारच महत्त्वाची सीमा आहे. मग मराठीत दिसणारं नाव कोणतं ठेवायचं? मी पहिलं नाव ‘सोया पेय’ ठेवलं आणि त्यापुढे ‘सोया दूध, सोया मिल्क’ असे पर्याय दिले. शोधणाऱ्याला तिन्ही शब्दांनी सापडेल, वाचणाऱ्याचा मात्र गैरसमज होणार नाही. उलट पीनट बटरला मी ‘शेंगदाण्याचं लोणी’ केलं नाही. तसं कुणी म्हणत नाही, आणि ‘लोणी’ म्हटलं की दुधाचाच अर्थ येतो. पहिलं नाव ‘पीनट बटर’च ठेवलं.

अनेकवचनाचा प्रश्नही येतो. इंग्रजीत तिथे वर्गांची नावं अनेकवचनी लिहायची रीत आहे. मराठीत ‘रस’चं अनेकवचन ‘रस’च, ‘पेय’चं ‘पेयं’ किंवा ‘पेये’, ‘बिस्किट’चं ‘बिस्किटं’ किंवा ‘बिस्किटे’. शेवटी नियम लावून सगळी रूपं जुळतील याची मला खात्री नाही, म्हणून मी प्रत्येक रूप पर्याय म्हणून लिहिते. काम कंटाळवाणं आहे. पण एकदा केलं की ते कायमचं होतं, आणि उद्या जी मुलगी मराठीत फोन वापरते तिला आपल्या शब्दाने वस्तू सापडते. ज्यांना कोडची भीती वाटते त्यांच्यासाठी झाड संपादित करायचं एक स्वतंत्र साधनही आहे. खुल्या सॉफ्टवेअरसाठी गूगल चालवत असलेल्या ‘गूगल समर ऑफ कोड’ या उपक्रमात 2022 मध्ये त्याचं काम सुरू झालं. तुमचे बदल प्रस्ताव म्हणून जातात, इतर लोक ते पाहतात आणि मग झाडात येतात. एखादा बदल नाकारला गेला तर कारण लिहिलेलं असतं. ती कारणं वाचावीत, पाठ्यपुस्तकापेक्षा चांगली आहेत.

आता माझ्या संत्र्याच्या पॅककडे येते. पॅकवर ‘संत्रं’ मोठ्या अक्षरांत होतं, चित्रात कापलेली फोड होती. मी मागची यादी वाचलीच नव्हती. यादीत पहिलं होतं पाणी, मग साखर, मग संहत रसापासून केलेला संत्र्याचा रस 12 टक्के. आंतरराष्ट्रीय खाद्यसंहितेचं, म्हणजे कोडेक्सचं, फळांचे रस आणि नेक्टर यांच्यासाठी 2005 चं मानक आहे. त्यानुसार रस म्हणजे फळाचाच रस. संहत रसातलं काढून घेतलेलं पाणी परत घालता येतं, पण वरून पाणी वाढवता येत नाही. पाणी वाढवलं की तो नेक्टर, आणि संत्र्याच्या नेक्टरमध्येही किमान 50 टक्के फळाचा अंश हवा. माझा 12 टक्क्यांचा पॅक रसही नव्हता आणि नेक्टरही नव्हता. ते फळाचा अंश असलेलं पेय होतं. मी त्याला रसांच्या रांगेत नेऊन बसवलं होतं, आणि त्या वर्गाच्या सरासरीत माझ्या चुकीचे आकडे मिसळले होते.

नऊ दिवसांनी कुणीतरी ते बदललं. वस्तूच्या पानावर बदलांचा इतिहास दिसतो. कुणी, केव्हा, काय बदललं ते सगळं. त्या व्यक्तीने माझी नोंद पुसून टाकली नव्हती, तीन पायऱ्या वर नेऊन ‘फळांची पेयं’ इथे ठेवली होती, आणि बदलाच्या नोंदीत घटकांच्या टक्केवारीचा उल्लेख केला होता. 26 वर्षं मी इतरांच्या तालिकेतल्या चुका दुरुस्त केल्या होत्या. माझी चूक इतक्या शांतपणे कुणी दुरुस्त केल्याचं आठवत नाही. त्या दिवसापासून मी एक गोष्ट पाळते. पॅकच्या पुढच्या बाजूवर विश्वास ठेवायचा नाही, मागची यादी वाचायची, आणि जितकं सिद्ध करता येतं तितक्याच पायऱ्या खाली उतरायचं. त्यापुढे शंका असेल तर वरच्या पायरीवर थांबायचं. ‘फळांची पेयं’ हे अपुरं असेल पण खरं आहे, आणि न्यूट्री-स्कोअरला पेयाचा तक्ता लावायला तेवढं पुरतं. ‘संत्र्याचे रस’ नेमकं होतं आणि खोटं होतं.

ग्रंथालयात आम्हाला उलट शिकवलं होतं. सर्वांत विशिष्ट वर्गात नोंद करा, हा तालिकेचा जुना नियम. तो चुकीचा नाही. पण तिथे पुस्तक माझ्या हातात असे, पानं उलटता येत. इथे बरेचदा फक्त एक तिरका फोटो असतो, त्यात अर्धी यादी घडीत गेलेली. हातात कमी पुरावा असताना विशिष्टतेचा हट्ट धरला की अंदाजालाच माहिती म्हणण्याची वेळ येते.

हाच धोका यंत्राच्या सूचनांतही आहे. ‘रोबोटॉफ’ नावाची एक प्रणाली वस्तूचं नाव, घटक, पोषणमूल्यं, फोटो यांवरून कॅटेगरी सुचवते, आणि माणसांना प्रश्न विचारते: ही वस्तू या वर्गात बसते का? हो, नाही, माहीत नाही. मी रोज वीस-पंचवीस प्रश्नांची उत्तरं देते. सूचना बहुतेकदा चांगल्या असतात, आणि लाखो वस्तूंचं काम एवढ्या माणसांच्या हातांनी कधीच झालं नसतं. पण म्हणूनच ‘हो’ म्हणायची सवय लागते. दहा बरोबर सूचना आल्या की अकराव्यावर बोट आपोआप जातं. मी स्वतःला एक शिस्त घातली आहे: फोटो मोठा करून घटक पाहिल्याशिवाय ‘हो’ म्हणायचं नाही. चॉकलेटच्या चवीचं तृणधान्य म्हणजे चॉकलेट नव्हे, स्ट्रॉबेरीच्या चवीच्या दुधाच्या पेयात स्ट्रॉबेरी असेलच असं नाही, आणि चीजच्या चवीच्या चकत्या चीजच्या फांदीवर जाता कामा नयेत. चव हा शब्द फसवतो. ‘माहीत नाही’ हे बटण दाबण्यात कमीपणा नाही. त्याने तो प्रश्न जास्त माहिती असलेल्या माणसासाठी शिल्लक राहतो.

बाकी किरकोळ गोष्टी पटकन सांगते. ‘हेल्दी’, ‘डाएट’, ‘लहान मुलांसाठी छान’ असं कॅटेगरीत लिहू नका. रकाना ते स्वीकारतो, पण झाडात त्याला जागा नसल्यामुळे त्यातून काहीच मोजलं जात नाही. ‘सेंद्रिय’ लेबलांत जातं. ब्रँडचं नाव ब्रँडच्या रकान्यात. शाम्पू किंवा साबण दिसला तर त्यासाठी ‘ओपन ब्यूटी फॅक्ट्स’ आहे, कुत्र्यामांजरांच्या खाण्यासाठी ‘ओपन पेट फूड फॅक्ट्स’. बारकोडच्या पहिल्या तीन अंकांवरून वस्तू कुठे बनली ते ठरवू नका. ते अंक फक्त क्रमांक कोणत्या देशाच्या संस्थेने दिला एवढं सांगतात.

झाड नीट असण्याचा फायदा मला सगळ्यात स्पष्ट दिसला तो नियम बदलले तेव्हा. 2023 मध्ये न्यूट्री-स्कोअरच्या शास्त्रीय समितीने पेयांचे नियम सुधारले. दूध आणि वनस्पतीजन्य पेयं, जी आधी घन पदार्थांच्या तक्त्याने मोजली जात, ती पेयांत आली. ज्या वस्तू नेमक्या फांदीवर होत्या त्यांना हात लावावा लागत नाही. फांदीसाठी नियम बदलला की तिच्यावरच्या हजारो वस्तू एकदम नव्या पद्धतीने मोजल्या जातात. पर्यावरणाच्या गुणांकनाचंही तसंच. फ्रान्सच्या ॲग्रिबालिझ या माहितीसंचात सुमारे 2,500 खाद्यप्रकारांचा पर्यावरणावरचा भार मोजलेला आहे, आणि आपली वस्तू त्यातल्या कशाशी जुळते हे कॅटेगरीवरूनच कळतं. त्यामुळे आपण भरलेला एक शब्द आपल्याला न दिसणाऱ्या किती हिशेबांत जातो याची जाणीव ठेवून भरावा.

याची दुसरी बाजूही मी अनुभवली. माहिती खुली असल्यामुळे अनेक ॲप ती उतरवून घेतात. एका ॲपमध्ये, त्याचं नाव घेत नाही, मला माझी ती ‘संत्र्याचा रस’ ही नोंद दीड वर्षाने जशीच्या तशी दिसली. मुळात ती नवव्या दिवशी सुधारली होती. त्यांनी माहिती एकदा घेतली आणि पुन्हा ताजी केली नव्हती. मी त्यांना लिहिलं, उत्तर आलं नाही. माझ्या हातून गेलेला चुकीचा शब्द आता माझ्या हाताबाहेर होता आणि कुणीतरी तो वाचून पेय विकत घेत असणार. ही टोचणी अजून आहे. खुल्या माहितीच्या विरोधात मी नाही. पण भरताना घाई करू नये हे मला तेव्हा पुरतं पटलं.

कुणासाठी ही सेवा चांगली? ज्यांना फक्त स्कॅन करून उत्तर हवं त्यांच्यासाठी चांगली, एवढं पथ्य पाळून: अक्षर पाहण्याआधी कॅटेगरीची रांग पाहा. हातात पेय आहे आणि रांगेत ‘पेयं’ नसेल तर ते अक्षर सोडून द्या, आणि शक्य असेल तर रांग दुरुस्त करा. गंभीर ॲलर्जी असलेल्यांनी निर्णय पॅकवर छापलेल्या मजकुरावरच घ्यावा. हे कुठल्याही लोकभरित माहितीबद्दल मी म्हणेन. ज्यांना शब्दांची आणि नीटनेटकेपणाची आवड आहे, निवृत्त शिक्षक, ग्रंथपाल, भाषांतरकार, त्यांना तर मी आग्रहाने सांगेन की या कामात या. फोटो काढायला तरुण हात पुष्कळ आहेत. ‘हे नक्की काय आहे’ हा प्रश्न शांतपणे विचारणारी माणसं कमी पडतात. माझ्याकडून पाचांपैकी साडेचार. अर्धा गुण त्या नाश्त्याच्या फांदीसाठी कापला आहे.

मागच्या महिन्यात एक बरणी आली. हेझलनट, खजूर, कोको. साखर घातलेली नाही, चॉकलेट असं कुठे लिहिलेलं नाही, कोको किती टक्के तेही दिलेलं नाही. कोको-हेझलनट स्प्रेडमध्ये टाकावी, की सुक्या मेव्याच्या बटरमध्ये, मला ठरवता येईना. मी ‘गोड स्प्रेड’ इथे थांबले, घटकांच्या यादीचा स्वच्छ फोटो चढवला आणि सोडून दिलं. तीन आठवड्यांनी पान उघडलं तर कुणीतरी आणखी एक पायरी खाली उतरलं होतं, आणि सोबत बरणीच्या झाकणाखालच्या कागदाचा एक फोटो जोडला होता. त्यावर कोकोची टक्केवारी छापलेली होती. माझ्याकडच्या बरणीचं झाकण मी तेव्हा उघडलंच नव्हतं.